गिरगावचं बजेट फुटलं

१

जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी सकाळी मी चहासाठी साखरेच्या नव्या पुड्याचं तोंड कात्रीने कापत होतो, तेवढ्यात राजसचा फोन आला.

“माधवराव, पेपर बघितलात? आपलं बजेट फुटलं.”

राजस दामले दादरचा चार्टर्ड अकाउंटंट आणि आमच्या अर्थविचार मंडळाचा सभासद. रविवारी हा गृहस्थ उन्हं चढेपर्यंत डोळे उघडत नाही, म्हणजे प्रकरण साधं नव्हतं. मी पेपर पुढे ओढला. आतल्या पानावर ठळक मथळा होता, ‘आजोबांच्या घरावर कर लावा! गिरगावच्या मंडळाची अजब मागणी’. त्याखाली आमचा या वर्षीचा प्रस्ताव. संध्याकाळच्या भाषणाआधी तो आम्हा पाच जणांखेरीज कुणाच्याही कानावर जायचा नव्हता. आणि छापला होता तोही अर्धाच, वाचणाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात जाईल तेवढाच. शेवटी सभागृहाचा पत्ता, सभेची वेळ आणि ‘प्रवेश सर्वांना खुला’ ही ओळ.

माझी बायको मीनाक्षी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिला मथळा वाचून दाखवला, पण तिचं लक्ष माझ्या हातातल्या पुड्याकडे होतं.

“हा तुम्ही आत्ता फोडलात?”

“मग काय बिनसाखरेचा चहा पिऊ? इथे मंडळाची अब्रू चालली आहे आणि तुला साखरेचं पडलंय.”

ती काही बोलली नाही. मीनाक्षी माझगावच्या विक्रीकर खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाली. भल्याभल्या व्यापाऱ्यांना तिने घाम फोडला आहे, आणि तोसुद्धा आवाज न चढवता, त्यांच्या घरच्या लोणच्याची चौकशी करत करत. ती गप्प झाली की समोरच्याने सावध व्हावं, हे मी लग्नानंतर पहिल्या दिवाळीतच शिकलो.

फोनवर राजस अजून बोलतच होता. “कुणी फोडलं ते उघड आहे, माधवराव. प्रितीचा भाऊ त्याच पेपरात नोकरीला आहे. आज संध्याकाळी ती व्यासपीठावर दिसली तर मी राजीनामा देतो.”

२

मंडळाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण नव्या लोकांना हे खरंच वाटत नाही.

दिल्लीत अर्थसंकल्प मांडला जाण्याआधी आम्ही गिरगावात आमचा मांडतो. देशाने कुठला कर काढावा, कुठला लावावा, पैसा कशावर खर्च करावा, असे प्रस्ताव. मग ते अर्थमंत्र्यांना पाठवतो. दिल्लीहून एकदा पोच आली होती, ती सभागृहात फ्रेम करून लावली आहे. हसा खुशाल. आम्हीही हसतो.

हे खूळ कारखानीस सरांचं. मी आणि उन्मेष गुप्ते त्यांचे कॉलेजातले विद्यार्थी. सरांनी गल्लीतल्या इमारतीचा पहिला मजला मिळवला, बाकं टाकली आणि म्हणाले, “आपल्या घरखर्चावर आपण बोलतो, मग देशाच्या खर्चावर का नाही?” काय दिवस होते ते! आगपेटीवरच्या अबकारी करावरून दोन पोक्त गृहस्थ हातघाईवर आलेले मी याच डोळ्यांनी पाहिले आहेत. बायका रेशनच्या साखरेवर असे प्रश्न विचारायच्या की सरांनाही चष्मा पुसावा लागे. सभागृहात पाय ठेवायला जागा नसायची. भाषण संपल्यावर आम्ही ठाकुरद्वारच्या नाक्यावर उभे राहून पुन्हा पहिल्यापासून भांडायचो आणि घरी जायचं नाव काढायचो नाही.

मग माणसं बोरिवलीला, डोंबिवलीला गेली. चाळींचे टॉवर झाले. सर गेले. हल्ली सभेला आम्हीच येतो, आम्हीच टाळ्या वाजवतो. गेल्या वर्षी मंडपवाल्याने मला विचारलं, “काका, पंखे सगळे लावू की तुमच्यापुरता एकच?” मला इतकं वाईट वाटलं की मी त्याला सगळे लावायला सांगितले आणि थंडीने कुडकुडत बसलो.

या वर्षी मात्र प्रिती आली. प्रिती गमरे, परळला राहते, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. तिचा प्रस्ताव ऐकला आणि कैक वर्षांनी माझ्या अंगावर काटा आला. मोठी मालमत्ता वारसांकडे जाताना सरकार पूर्वी कर घेत असे, तो पंच्याऐंशी साली रद्द झाला. प्रिती म्हणते, तो परत आणा, आणि जेवढा पैसा येईल तेवढा जीएसटी रोजच्या वस्तूंवरून उतरवा. राहतं घर या करातून पूर्ण वगळलेलं. पेपराने गाळलं होतं ते नेमकं हेच. ज्या गिरगावात वडिलांची दीड खोली बघता बघता टॉवरमधला फ्लॅट झाली, तिथे ‘आजोबांच्या घरावर कर’ म्हटल्यावर काय होणार?

आता शिरा. दिल्लीत अर्थसंकल्पाची छपाई सुरू होताना हलवा करतात आणि मग तिथली माणसं भाषणापर्यंत बाहेर पडत नाहीत. सर म्हणाले, आपण शिरा करू. भाषणाच्या आदल्या संध्याकाळी प्रस्ताव वाचायचा, मतं घ्यायची, मग सगळ्यांनी उभं राहून, एक शब्द न बोलता वाटीभर शिरा खायचा. ज्याने शिरा खाल्ला त्याने भाषणापर्यंत बायकोलाही काही सांगायचं नाही. आमच्यात फुटलेली मैत्री आहे, मोडलेली युती आहे, पण शिरा खाऊन कुणी बोलल्याचं एकही उदाहरण नाही.

हा शिरा मीनाक्षी घरून करून नेते, वाट्या भरून देते आणि बाहेर जिन्यात जाऊन बसते. ती सभासद नाही. “मला बिनपगारी खात्यात नोकरी नको,” असं तिचं म्हणणं. कालही ती तशीच बाहेर बसली होती. आत आम्ही पाच जण होतो. अध्यक्ष उन्मेष, चिटणीस मी, राजस, प्रिती आणि सरांचा नातू वरद. मी मान खाली घालून वाटी संपवली. मौनाचा नियम काल मला फार सोयीचा वाटला.

राजसचा फोन ठेवल्यावर मी प्रितीला फोन लावला. तिने बातमी वाचली होती.

“काका, मी सांगितलेलं नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज आधी सपाट होता आणि मग एकदम फाटला. “आजी सकाळपासून इस्त्री केलेली साडी हातात धरून बसलीय. तिला काय सांगू? तुम्ही मला चोर म्हणताय, असं सांगू?”

३

उन्मेषला फोन केला तर तो “बघू, बघू” एवढंच म्हणाला. राजसने परस्पर ठरवून टाकलं होतं की प्रितीऐवजी भाषण उन्मेषने वाचावं. वरदचं म्हणणं, सभाच रद्द करा. चिटणीस म्हणून शेवटची सही माझी, आणि माझी पाचावर धारण बसलेली.

“चला,” मीनाक्षी पायात चपला सरकवत म्हणाली. “आधी सभागृह.”

वरद तिथेच होता. बाकांवरची धूळ झटकायच्या निमित्ताने तो कुणा माणसाला खोलीची लांबी-रुंदी दाखवत होता. आम्हाला पाहताच तो माणूस जिना उतरून गेला.

“बिल्डरचा का रे?” मीनाक्षीने विचारलं.

वरदचे कान लाल झाले. “काकू, बिल्डिंग पडायला आलीय. बाकीच्या सगळ्यांनी सही केलीय, या मजल्याची, आजोबांच्या ट्रस्टचीच राहिलीय. मला काय आनंद होतो का? आजोबांच्या मांडीवर बसून मी इथे पेपरमिंटच्या गोळ्या खाल्ल्यात. पण रिकाम्या हॉलचं काय करू, सांगा ना.”

“म्हणजे मंडळाची बदनामी झाली तर तुझं काम सोपं होईल.”

“काकू!” तो दुखावला. “मला सभा कॅन्सल करायचीय. मी लोकांना पत्ता छापून बोलवीन का? आता दगड मारायला येतील ते. काचा माझ्याच फुटणार.”

मीनाक्षीने मान डोलावली आणि निघता निघता, अगदी सहज, ती म्हणाली, “काल शिऱ्यात साखर जरा जास्त झाली, नाही का रे?”

वरद तिच्या तोंडाकडे बघतच राहिला. मग त्याने माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा तिच्याकडे. “तुम्ही पण काकू, काय चेष्टा करता,” असं पुटपुटून तो धूळ झटकायला लागला.

जिन्यात मी तिला म्हटलं, “बजेट फुटलंय आणि तू पाककृतीवर अभिप्राय गोळा करतेयस?”

“तुम्हीही द्या की. कसा होता शिरा?”

“छान होता,” मी म्हणालो.

ती हसली. ते हसणं मला मुळीच आवडलं नाही.

४

मेट्रोने दादर गाठलं. ही मेट्रो आली तेव्हा उन्मेष आणि मी उगाच दोनदा जाऊन आलो होतो. सरांनी एका वर्षी ‘मुंबईला भुयारी रेल्वे द्या’ असा प्रस्ताव मांडला होता आणि लोक पोट धरून हसले होते. सर असते तर खिडकीशी बसले असते, बाहेर नुसता अंधार असला तरी.

राजस पायजम्यावरच बसला होता. समोर थालीपीठ, शेजारी गोळ्यांचा डबा.

“मी प्रस्तावाच्या विरोधात मत दिलं, लपवतोय का?” तो म्हणाला. “माझे निम्मे क्लायंट बिल्डर आहेत. वारसा कर आला तर त्यांचं बीपी मला तपासावं लागेल. पण विरोध करायचा तो आतल्या आत. आता बघा, सकाळपासून क्लायंटचे फोन. ‘राजसभाय, तुमचंच मंडळ ना?’ मला हे परवडतं का, मीनाक्षीताई?”

“मग तुमच्या मते प्रितीच?”

“भाऊ त्या पेपरात. भाषण तिचं. हॉल भरला तर नाव कुणाचं होणार? आणि खरं सांगू, आपली जुनी माणसं अशी वागत नाहीत. या लोकांना...” मीनाक्षीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. राजसने वाक्य तिथेच गिळलं आणि थालीपिठाचा तुकडा मोडला.

“मला एक सांगा,” ती शांतपणे म्हणाली, “कालचा शिरा तुम्हाला नसता दिला तर बरं झालं असतं का? साखर फार पडली होती. आणि तुम्हाला डायबेटिस.”

राजस मनापासून हसला. सकाळपासून पहिल्यांदाच. “ताई, तो शिरा माझ्या डॉक्टरला पाठवा. दरवर्षी असाच करत जा. मी तर दुसरी वाटी मागणार होतो, पण बोलायचं नाही ना!”

टॅक्सीत बसल्यावर मीनाक्षी म्हणाली, “पेपरवाल्याला ज्याने सांगितलं त्याला गर्दी हवी होती. मंडळ बुडवायचं असतं तर पत्ता आणि वेळ कशाला दिली असती? वरदला सभा नकोय. राजसला हा प्रस्ताव चार माणसांत मेलेला हवाय. गर्दी कुणाला हवी?”

“प्रितीला,” मी म्हणालो, आणि माझ्याच तोंडून ते नाव निघाल्यावर मला कसंसंच झालं.

५

परळला प्रितीच्या घरी तिचा भाऊ संघर्ष दार उघडायला आला. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, शेजारी बुद्धमूर्ती आणि तिच्याखाली प्रितीच्या पदव्यांची रांग. आजी कमलाबाई खरोखरच मांडीवर साडी घेऊन बसल्या होत्या.

“बसा,” त्या म्हणाल्या. “चाय घ्या. संशय असला तरी पावन्यानं चाय घ्यावी.”

मी चहाच्या कपात तोंड लपवलं.

“काका, मी स्पोर्ट्स डेस्कला आहे,” संघर्ष तावातावाने म्हणाला. “मला सकाळी छापून आल्यावर कळलं. रिपोर्टरला विचारलं, तर तो सोर्स देणार नाही म्हणाला. बरोबरच आहे त्याचं. एवढंच बोलला, की कुणी म्हातारे गृहस्थ होते, फोन ठेवताना त्यांचा गळा भरून आला होता.”

“हे तू राजसला सांगितलंस?”

“भावाच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? ते म्हणतील, बहिणीला वाचवतोय.”

त्याचं खरं होतं. मी मीनाक्षीकडे पाहिलं. ती प्रितीशेजारी सतरंजीवर बसली होती.

“प्रिती, तुला सभागृह भरलेलं हवं होतं ना?”

“हवंच होतं, काकू. कुणाला नको असतं? पण असं नाही. माझ्या प्रस्तावाचा अर्धा भाग मीच कापीन? घर वगळायचं कलम लिहायला मला दोन महिने लागलेत. ते कापलं की उरतं काय, लोकांना घाबरवायचं बुजगावणं!” तिचे डोळे भरले. “आज जर त्यांनी मला खाली बसवलं तर माझं भाषण गेलंच. पण पुढच्या वेळी आमच्यातली दुसरी कुणी आली ना, तर आधी हेच आठवतील सगळे. तिने फोडलं होतं, म्हणतील.”

मग मीनाक्षीने तोच प्रश्न विचारला. “काल शिऱ्यात साखर जास्त झाली होती का गं?”

प्रितीने आधी सतरंजीकडे पाहिलं, मग मीनाक्षीच्या डोळ्यात. “काकू, तुम्ही मुद्दाम विचारताय ना? मी पहिल्यांदाच आले होते, मला वाटलं तुमच्यात तसाच करतात. म्हणून मी मुकाट्याने संपवला.”

मीनाक्षीने तिचा हात दाबला आणि उठली. “साडी नेसा, कमलाबाई. संध्याकाळी पुढच्या बाकावर बसायचंय तुम्हाला.”

रस्त्यावर आल्यावर मी तिला अडवलं. “तू तिला शब्द दिलास. आता काय तो उलगडा कर, नाहीतर मी इथेच फुटपाथवर बसतो.”

“काल मी शिऱ्यात साखर घालायलाच विसरले,” मीनाक्षी म्हणाली. “रवा भाजताना बहिणीचा फोन आला. शिऱ्यासाठी आणलेला पुडा आज सकाळी तुम्ही फोडलात तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आणि तुम्ही? ‘छान होता!’ इतकी वर्षं संसार करून हीच किंमत?”

मी समोरच्या दुकानाची पाटी वाचू लागलो.

“ज्याने ज्याने तो शिरा खाल्ला, त्याला माझा प्रश्न ऐकून धक्का बसला. वरदला वाटलं मी चेष्टा करतेय. राजसला आनंद झाला. प्रितीला वाटलं मी परीक्षा घेतेय. तिघांनीही खाल्ला. आणि शिरा खाऊन तुमच्या मंडळात कुणी बोलत नाही, हे तुम्हीच मला आयुष्यभर ऐकवलंत. मग बोलला तो कोण? ज्याने खाल्ला नाही तो.”

पुढचं तिला सांगावं लागलं नाही. पण मला ते ऐकायचंही नव्हतं.

६

उन्मेष टॉवरच्या वरच्या मजल्यावर राहतो. बायको गेली, मुलगा सिंगापूरला. त्याच्या खिडकीतून सभागृहाची कौलं दिसतात. तो तिथेच उभा होता.

“ये रे. या, वहिनी.” त्याने आमच्याकडे वळून पाहिलं नाही. “खाली बघ माधव. आत्तापासून माणसं चौकशी करायला येतायत.”

“उन्मेषभावजी,” मीनाक्षी बसत म्हणाली, “काल माझ्याकडून शिऱ्यात साखर फार पडली. तुम्हाला त्रास नाही ना झाला?”

“छे हो!” तो प्रेमाने म्हणाला. “गोडाला गोड हवंच. सरांच्या वेळी तर चमचा उभा राहायचा पाकात.”

मी डोळे मिटले. कॉलेजात याच्या शेजारी बसलो, याच्या लग्नात वरातीत नाचलो. कुणीतरी हा क्षण माझ्याऐवजी दुसऱ्याला द्यायला हवा होता.

“साखर नव्हतीच रे त्यात,” मी म्हणालो. “कणभरही नव्हती. तू खाल्ला नाहीस.”

तो खिडकीपासून बाजूला झाला. मग खुर्चीत बसला.

“कागदात गुंडाळून शबनममध्ये टाकला,” तो म्हणाला. “खाल्ला असता तर बोललो नसतो. सरांची शपथ मोडायची हिंमत नव्हती माझ्यात, म्हणून आधी घेतलीच नाही. किती हुशार ना मी?”

“पण का?”

“तू विचारतोस? गेल्या वर्षी तू कुडकुडत बसला होतास, मला दिसत नव्हतं का? इतक्या वर्षांत एवढं चांगलं काही आपल्याकडे आलं नव्हतं. सर असते तर पोरीला डोक्यावर घेऊन नाचले असते. आणि ती बोलणार कुणासमोर, आपल्या चार टकलांसमोर? मला एकदा तो हॉल भरलेला बघायचा होता, माधव. मरायच्या आधी एकदाच. रागाने का होईना, लोक आले तरी पुरे. आले की ती जिंकेल, एवढी खात्री होती. म्हणून घराचं कलम गाळून सांगितलं.”

“आणि तिच्यावर आळ आला तेव्हा?” मीनाक्षीने विचारलं.

“तिचा भाऊ त्या पेपरात आहे, हे मला राजसकडून आज सकाळी कळलं.”

“कळल्यावर?”

“सरांच्या खुर्चीत बसतो मी, वहिनी. एकदा बोललो असतो तर उठावं लागलं असतं. माझ्याकडे आता दुसरं आहे काय?”

मला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी त्याला मिठी मारावीशी वाटली. दोन्ही केलं नाही. मीनाक्षीने मात्र तिचा विक्रीकर खात्यातला आवाज काढला.

“तिकडे एक आजी साडी घेऊन बसलीय. संध्याकाळी व्यासपीठावरून तुम्ही स्वतः सांगायचं. आम्ही कुणी सांगणार नाही.”

“नाही सांगितलं तर?”

“तर इथे कुणी तुमच्याकडे येणार नाही,” ती म्हणाली. “आम्हीसुद्धा.”

७

सभागृह भरलं. भरलं म्हणजे कसं, खिडकीच्या कट्ट्यांवर माणसं बसली, जिन्यात उभी राहिली, खाली रस्त्यावर जमली. वरदने धावपळ करून कर्णा बाहेर लावला. आरडाओरडा चालू होता. “आमच्या बापाची खोली आहे, सरकारची नाही!” असा एक बुलंद आवाज मागून पुन्हा पुन्हा येत होता. इतक्या वर्षांनी असा गोंगाट ऐकून मला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं.

उन्मेष उठला. त्याने अध्यक्षाची खुर्ची हाताने मागे सारली आणि माईक धरला.

“बातमी मी फोडली,” तो म्हणाला. “प्रिती गमरे यांनी नाही. अर्धी सांगितली तीही मीच. सकाळी ही गोष्ट कबूल करायचं धाडस झालं नाही, त्याचा त्रास एका निरपराध मुलीला झाला. मी तिची माफी मागतो आणि अध्यक्षपद सोडतो.”

पुढच्या बाकावरचा राजस उठला. मला वाटलं चालता होतोय. पण तो व्यासपीठापाशी गेला, प्रितीपुढे उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “मी सकाळी जे बोललो ते चुकीचं होतं. तुमच्या प्रस्तावाला माझा विरोध आहे, पण ते बोलणं चुकीचं होतं.” प्रितीने मान हलवली, ना हसली ना रागावली.

उन्मेषच्या हातात तिची ओळख करून देणारा कागद होता. तो उघडणार तेवढ्यात ती माईकपाशी आली.

“सर, तुम्ही बसा. ओळख मीच करून देते.”

तो कमलाबाईंच्या शेजारी जागा होती तिथे जाऊन बसला. कमलाबाईंनी साडीचा पदर सावरून त्याला जागा करून दिली.

“माझे आजोबा रामजी गमरे,” प्रिती म्हणाली. “परळच्या गिरणीत कापड विणायच्या साच्यावर होते. दर जानेवारीत ते आणि त्यांचे सोबती गिरगावपर्यंत चालत यायचे आणि खाली रस्त्यावर उभे राहून कर्ण्यावरून इथली भाषणं ऐकायचे. घरी आल्यावर अबकारी कर म्हणजे काय, ते माझ्या आजीला समजावून सांगायचे. त्यांना इथे कुणी अडवलं नव्हतं. वर या, असंही कुणी म्हटलं नव्हतं.”

मी उन्मेषकडे पाहिलं, तो माझ्याकडे बघत होता. आमच्या आठवणीतलं ते भरगच्च सभागृह आम्ही दोघांनी कायम आतूनच पाहिलं होतं.

“आजोबा गेले तेव्हा मागे काहीच राहिलं नव्हतं,” ती पुढे म्हणाली. “त्यांच्या वारशावर कुठल्याही सरकारला कर लावता आला नसता. साबणाच्या वडीवर मात्र त्यांनी जन्मभर गिरणीमालकाएवढाच कर भरला. मला वाटतं ही उलटी गंगा आहे, आणि ती सुलटी कशी करायची ते मी आज सांगणार आहे.”

मागचा तो बुलंद आवाज बराच वेळ ऐकू आला नव्हता. प्रितीने पाण्याचा घोट घेतला आणि सभागृहावरून नजर फिरवली.

“तुम्ही घराची काळजी घेऊन आलात, म्हणून ते आधी सांगते. राहतं घर या करातून पूर्ण वगळलंय. चाळीतली खोली असो की टॉवरमधला फ्लॅट, तुमच्या घराला काही होणार नाही. ज्यांना एवढंच ऐकायचं होतं, ते आता जाऊ शकतात. म्हणजे खाली रस्त्यावर जे उभे आहेत त्यांना वर येता येईल.”

ती थांबली. उठून कुणीच गेलं नाही. पुढच्या रांगेतली माणसं एकमेकांना खेटून सरकली, आणि जिन्यावरून पावलं वर येऊ लागली.